लहान होडी मीच निवडली

चंद्रपूरच्या आमच्या गच्चीवर तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात दोन होड्या होत्या. एक चुन्याने आखलेली, सव्वीस फुटांची. दुसरी गेरूने आखलेली, छत्तीस फुटांची. तिचं नाक गच्चीत मावेना म्हणून ते पाण्याच्या टाकीखाली शिरलं होतं. दोन्ही माझ्या नवऱ्याने काढल्या. तो माजरीकडे कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होता. नोकरीभर त्याने जमिनीखालच्या बोगद्यांचे नकाशे काढले आणि रिटायर झाल्यावर तसाच टेप नि तशीच दोरी घेऊन समुद्रावरच्या होड्या आखायला बसला. त्याला नुसता कागदावरचा नकाशा पटत नाही, पायाखाली रेघ लागते.

समोर मी त्याला अहो-जाहो करते. इथे लिहिताना करणार नाही.

होडी म्हणजे शिडाची होडी. आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असते, माणूस तिच्यातच राहतो आणि वारा बघून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतो. हे वेड आमच्या घरात कसं शिरलं ते मला नीट आठवतं, कारण मी शेजारीच उभी होते. मुलगी शाळेत असताना आम्ही गोव्याला फिरायला गेलो होतो. एका खाडीत अशी होडी नांगर टाकून उभी होती. तिच्यावर एक गोरं, म्हातारं जोडपं होतं. म्हातारा चहा पीत होता, म्हातारी दोरीवर टॉवेल वाळत घालत होती. आमची मुलगी कंटाळून रडायला लागली तरी नवरा हलेना. शेवटी म्हणाला, "रिटायर झाल्यावर आपन असंच राहू."

आता या 'आपन'बद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा त्या एका शब्दाचा आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते आणि मराठी शिकवायची. 'आपण' हे सर्वनाम दोन प्रकारचं असतं, हे मी किती पिढ्यांकडून घोकून घेतलं असेल. 'आपण सगळे जाऊ' यातलं आपण म्हणजे मी आणि तुम्ही, सगळे मिळून. 'तो आपण होऊन गेला' यातलं आपण म्हणजे फक्त स्वतः, याला आत्मवाचक म्हणायचं. पुस्तकात एवढंच आहे. पण आमच्याकडच्या बोलण्यात तिसरंच एक 'आपन' आहे. चहाच्या टपरीवर बसलेला गडी म्हणतो, "आपन नाई जात बा कुठी," तेव्हा तो एकट्याबद्दलच बोलत असतो. 'मी' म्हणायला लाजल्यासारखं होतं म्हणा, की हिंदीतून आलं म्हणा. शिवाय माझी पहिली नेमणूक मुलचेऱ्याकडची. तिथे वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या घरांतली पोरं माझ्याशी बोलताना 'आपनि' म्हणायची, आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ तुम्ही, आदराने. म्हणजे एकाच मुलखात हा शब्द माझ्याकडे, तुमच्याकडे आणि सगळ्यांकडे बोट दाखवतो. मुलचेऱ्याला मला याची फार गंमत वाटायची.

नवऱ्याचं 'आपन' मी चेहऱ्यावरून ओळखायची. "आपन आज जेवून नाई राह्यलो" म्हणजे तो एकटा उपाशी राहणार. "आपन लग्नाले जाऊ" म्हणजे मी साडी काढायची. इतक्या वर्षांत एकदाही चुकले नव्हते. खाडीवरच्या त्या 'आपन'च्या वेळी त्याचा चेहरा मात्र माझ्याकडे नव्हता, पाण्याकडे होता. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

पुढे मोबाईल आले आणि त्याला होड्यांचे व्हिडिओ सापडले. जेवताना व्हिडिओ, झोपताना व्हिडिओ. आधी मी चिडायची, मग मीही बघायला लागले. शीड कसं चढवतात, नांगर कुठे टाकतात, डोलकाठी कशाने ताणून धरतात, सगळं मला तोंडपाठ झालं. परकराच्या नाड्यांवर मी गाठी शिकले. आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी पोहायला गेले. मी वडशाकडची, वैनगंगेच्या काठची, तरी मला पोहता येत नव्हतं. आमच्याकडे मुलींना डोंग्यात बसू देत, पाण्यात उतरू देत नसत. सकाळच्या महिलांच्या बॅचमध्ये माझ्या विद्यार्थिनी निघाल्या, आपल्या मुलींना घेऊन आलेल्या. त्यांच्यासमोर सलवार-कुडत्यात, नाकातोंडात पाणी जात, मी दोन महिने हातपाय मारले. शिकवणारी पोरगी म्हणाली, "काकू, कायले इतका तरास करून घेता?" मी म्हटलं, "आम्ही समुद्रावर राहायला जाणार आहोत." ती हसली. मला राग आला नाही, तेव्हा मी भलतीच खुशीत होते.

एकदा त्याला माहेरी नेलं आणि डोंग्यात बसवलं. आमच्याकडचा डोंगा म्हणजे झाडाचं एकच खोड कोरून केलेली अरुंद नाव, बसणाऱ्याने अंग सैल सोडलं तरच ती सरळ चालते. मी लहानपणासारखी मांडी घालून बसले. हा वरोऱ्याकडचा, कापसाच्या गावचा. त्याने दोन्ही हातांनी दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि डोंगा डुगडुगायला लागला. डोंगा चालवणारे म्हातारे भाऊ मला परकरी पोर असल्यापासून ओळखत. ते म्हणाले, "जवाई, तुमी डोंग्याले काऊन धरून राह्यले जी? डोंगा तुमाले धरून हाय." मी इतकी हसले की डोंगा खरोखरच कलंडायची वेळ आली. परतीच्या वाटेवर नवरा माझ्या पुढे पुढे चालत राहिला. त्याला लागलं होतं. पण मला वाटलं, बरं झालं, आता याला कळलं की पाण्यावर माझा उपयोग आहे.

आम्ही दोघं एकाच वर्षी रिटायर झालो. होडी घ्यायची हे ठरलेलंच होतं, प्रश्न कोणती एवढाच. पाहण्यात दोन जुन्या होड्या होत्या. छत्तीस फुटी गोव्यात आणि सव्वीस फुटी कोकणातल्या एका खाडीत. मोठीत ताठ उभं राहता येतं, पुढे एक वेगळी खोली, मागे एक, मध्ये टेबल. मुलगी-जावई आले तरी झोपतील. लहानीत एकच केबिन, दोन बाजूंना दोन अरुंद बर्थ, मधल्या जागेत एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याने बसायचं. नवऱ्याने दोन्हींचे नकाशे मागवले आणि उन्हाळ्याच्या सकाळी गच्चीवर आखले. आठ वाजले की फरशीवर पाय ठेवता येत नसे, म्हणून आम्ही साडेसहालाच वर जायचो.

ते दिवस माझ्या संसारातले सगळ्यात चांगले होते, हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतो. मी खरोखरचा स्टोव्ह वर नेला. गेरूच्या होडीतल्या स्वयंपाकघरात चहा केला, मग चुन्याच्या होडीतल्या. चादरी टाकून आम्ही बर्थवर आडवे झालो. लहान होडीचं छत किती खाली येतं हे कळावं म्हणून त्याने बांबूंना दोरी बांधली. दोरी त्याच्या कपाळाला लागायची, माझ्या डोक्यावरून जायची. तो म्हणाला, "आपन तीस वर्षं वाकूनच चाललो खाणीत." शेजारचे आपल्या गच्चीवरून ओरडायचे, "भाऊ, रामाळा तलावात सोडून राह्यले का जहाज?" आणि तो त्यांना हातातला टेप दाखवायचा.

त्याचा कल मोठीकडे होता, निदान तो तसं बोलायचा. मोठी सुरक्षित, मोठीत सामान मावतं, मोठी लाटेत कमी हलते. आणि प्रत्येक वेळी शेवटी, "पोरगी येईन, जवाई येईन, मोठीच पायजे." हे म्हणताना त्याचा आवाज बाजारात नको असलेली भाजी घेताना येतो तसा यायचा. मला वाटलं, याला लहान हवी आहे, पण आम्हा सगळ्यांच्या सोयीसाठी हा मोठी घेतोय. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

म्हणून मीच लहानीची बाजू घेतली. आठवडाभर भांडले. मोठी होडी म्हणजे पुन्हा घरच झालं. पुन्हा झाडा, पुसा, पाहुण्यांना जेवायला वाढा. तीस वर्षं मी तेच केलं शाळा सांभाळून. लहान होडी दोन हातांत राहते, वारा फिरला तर लगेच वळते, उथळ खाडीत शिरते. हे मी व्हिडिओ बघून नाही, डोंग्यावरून सांगत होते. आणि खरं कारण मी बोलले नाही. मला पुढची खोली नि मागची खोली नको होती. दोन बर्थ हवे होते, हात लांबवला तर हाताला लागतील असे. आमच्या क्वार्टरमध्ये त्याच्या खाणीतल्या पाळ्या, माझी शाळा, त्याची आई, आमची मुलगी, यात आम्हा दोघांना दोघांपुरती जागा कधी मिळालीच नव्हती.

एका सकाळी मी चुन्याच्या होडीत उभी राहून सांगितलं, "लहानच घ्या. मोठीचा विषय संपला."

त्याने हातातला टेप गुंडाळला. मग म्हणाला, "खरंच म्हनतं? तुले चालते?"

"मला चालतं म्हणजे काय, माझंच म्हणणं आहे."

"मंग ठरलं. आपन लहानच घेऊ." त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले. मी पत्ता कापला, आणि तो माझाच होता, हे मला कळायला सप्टेंबर उजाडला.

जूनमध्ये तो एकटा कोकणात गेला, होडी पाहिली, व्यवहार करून आला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात, त्यामुळे घाई नव्हती. मी तयारीला लागले. दोन्ही बर्थच्या मापाच्या गाद्यांना जाड कापडाचे अभ्रे शिवले, मापं गच्चीवरून घेतली होती. लाखोरीच्या डाळीचे वडे, म्हणजे सांडगे, घालून वाळवले, कारण ते समुद्रावर टिकतील. तो सोफ्यावर बसून मला शिवताना बघायचा. एकदा त्याने मशीनमध्ये दोरा ओवून दिला, माझ्या डोळ्यांना सुई दिसेना म्हणून.

सप्टेंबरमध्ये पार्सल आलं. त्यात नारिंगी लाइफ जॅकेट होतं, पावसाळी कपड्यांचा जाड जोड होता, स्टीलचं एक ताट, एक वाटी, एक मग. जॅकेट इतकं मोठं की माझ्यासारख्या दोघी मावतील. मी विचारलं, "माझं दुसऱ्या पार्सलमध्ये येणार का?"

"तुजं काय?"

"जॅकेट."

तो खरोखर गोंधळला. "तू कायले येतं?"

मी हसले. मला वाटलं, नेहमीसारखी खेचतोय. मग त्याचा चेहरा पाहिला आणि हसणं आतल्या आत वाळलं. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात, आपण लहान घेऊ. आपण असंच राहू."

"आपन म्हंजे मी बोलून राह्यलो ना," तो म्हणाला. "तूच तं लहान घ्या म्हनलं. मी समजलो, तू मोकळं करून राह्यली मले. का जा बा तू एकटा, कर आपल्या मनाचं. मोठी घेतली असती तं सगळ्याइले न्यावं लागलं असतं."

मास्तरीणबाई, आत्मवाचक सर्वनाम ओळखा. पुस्तकात लिहिलंय की ते वाक्याच्या सुरुवातीला येत नाही. आमच्या घरात तीस वर्षं वाक्याच्या सुरुवातीलाच येत होतं आणि मी त्याला बरोबरची खूण देत होते.

मी चिडले, रडले, भांडी आपटली. मी म्हटलं, "नकाशात दोन बर्थ होते. मी त्यातल्या एकावर झोपले होते." तो म्हणाला, नकाशा कंपनीचा, नवीन होडीचा, ही जुनी, हिच्यात एकच बर्थ आहे, आधीच्या मालकाने काय केलं असेल कोण जाणे. जागाच नाही. असती तर नेलं असतं. "जागाच नाई तं मी काय करू?" हे तो इतक्या वेळा आणि इतक्या शांतपणे म्हणाला की शेवटी मला माझाच हट्ट खोटा वाटायला लागला. खरंच, होडी लहान. ती मीच मागितलेली. चूक असेल तर शब्दाची, आणि शब्दाची चूक दोघांची असते. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाबांना चार महिने जाऊ दे ना, परत येतीलच." जणू मी त्याला बांधून ठेवलं होतं.

नोव्हेंबरमध्ये तो गेला. स्टेशनवर सोडायला मी गेले, डबा दिला. गाडी सुटल्यावर घरी येऊन मी फिनेल घालून गच्ची घासली. चुना गेला. गेरू मात्र फरशीच्या सांध्यांमध्ये राहिला.

त्याचे फोन यायचे. आज अमुक खाडीत आहो, आज डॉल्फिन दिसले, आज शीड फाटलं ते शिवलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात मला मोकळेपणा ऐकू आला, आणि तो माझ्याशिवायचा होता. मी इथे काय करत होते? वडशाला झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली होती, माहेरी जाऊन तीन पाहिली. सगळ्या बायका विचारायच्या, "जवाई कुठी?" मी म्हणायची, दर्यावर. त्यांना वाटायचं, थट्टा करते. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

फेब्रुवारीत तो फोनवर म्हणाला, "एक डाव पाहून तं जा होडी. चार दिवस लॉजवर राहू." मी दोन वेळा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं, कारण मनात एक लाचार आशा होती. तीही लिहूनच टाकते. मला वाटलं, एकटा राहून कंटाळला असेल. प्रत्यक्ष बघितलं की काहीतरी निघेल मार्ग. खाली अंथरूण टाकू, मी पाच फुटांची बाई, मला किती जागा लागते. दोन गाड्या बदलून, डाळीच्या वड्यांचा डबा घेऊन मी कोकणात उतरले. स्टेशनवर तो काळा पडलेला, बारीक झालेला, दाढी वाढवलेला दिसला. मला तो आवडला, त्याचाही राग आला.

होडी धक्क्याला बांधलेली होती. दोरी धरून मी एका पावलात आत गेले, होडी जराही डुलली नाही. तो म्हणाला, "वा." मग खाली केबिनमध्ये उतरले. डोकं कुठेही लागलं नाही. उजवीकडे त्याचा बर्थ, चादर नीट घडी केलेली. डावीकडे पाण्याचे कॅन, गॅसची टाकी, दोऱ्यांची वेटोळी, अवजारांची पेटी. मी पेटी जरा सरकवली आणि तिथेच टेकले. खरोखरच एकच बर्थ होता. म्हणजे खोटं तरी तो बोलला नव्हता, आणि मला, काय सांगू, बरं वाटलं.

तेवढ्यात वरून एक सुतार उतरला. कोकणातला, पन्नाशीचा, कानावर पेन्सिल. पुढच्या झडपेची बिजागरी बसवायला आला होता. मला बघून म्हणाला, "वहिनी आल्या वाटतं! तिथे कुठे बसताय, ती अडगळीची जागा. बर्थ होता तिथे चांगला, सागवानी."

मी विचारलं, "आधीच्या मालकाने काढला ना?"

"नाही हो, साहेबांनीच. जूनमध्ये पहिल्यांदा आले ना होडी बघायला, त्याच दिवशी मला सांगून गेले काढायला." त्याने वाकून लाकडातली स्क्रूची भोकं दाखवली, ओळीत आठ होती, पुट्टी भरून बुजवलेली.

जून. म्हणजे पार्सल यायच्या तीन महिने आधी. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो शिडीच्या पायरीवर उभा होता, हातात दोरीचं टोक घेऊन, आणि त्याला मी काय पाहिलं ते कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की याला एक संधी द्यावी, याने आपणहून काही म्हणावं.

सुतार बिचारा भला माणूस. त्याला वाटलं, बाईंना जागा नाही म्हणून पंचाईत झाली. तो म्हणाला, "फळ्या माझ्याकडेच आहेत, टाकल्या नाहीत. सांगत असाल तर संध्याकाळपर्यंत परत बसवून देतो. दोन तासांचं काम."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने कॅन पाहिले, टाकी पाहिली, पेटी पाहिली.

"अन् मंग हे सामान कुठी ठेवाचं?" तो सुताराला म्हणाला.

मी त्या सामानातच बसले होते.